जुनी स्वयंचलित मोटार: हमरस्त्यावरील इंजिनाचे फेरे व गिअरपेटीचे वर्तन

मुळशी तालुक्याच्या पूर्व भागातील हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे या गावांचे रूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार पालटले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि भाताची खाचरे व उसाचे फड यांच्या जागी कार्यालयांच्या इमारती आल्या. ज्यांची थोडीफार जमीन शिल्लक राहिली, त्यांच्या दारात आज ट्रॅक्टरच्या शेजारी मोटारही उभी असलेली दिसते. ही मोटार पुष्कळदा नवी नसते. नोकरदार मंडळी नवी मोटार घेतात व जुनी विकतात. ती बेताच्या किमतीत जवळपासच्या खेड्यातील कुटुंबाच्या वाट्यास येते. अशा जुन्या मोटारींत काही स्वयंचलित गिअरच्या असतात. त्यांना डाव्या पायाचा क्लच नसतो. शहराच्या गर्दीत ही सोय सुखाची वाटते. परंतु हीच मोटार द्रुतगती मार्गावर गेली, किंवा ताम्हिणीच्या घाटात उतरली, की तिचे वागणे चालकास उमगेनासे होते.

सर्वसाधारण तक्रार अशी असते: ताशी ९०-१०० किलोमीटर वेगात फेरे दाखविणारा काटा साडेतीन-चार हजारांवर जातो, इंजिन मोठ्याने ओरडते आणि ते आता फुटते की काय अशी धास्ती वाटते. चढावर गाडी अचानक झटका देऊन गिअर बदलते. उतारावर मात्र ती सैल सुटल्यासारखी धावते. यांपैकी कोणती गोष्ट बिघाडाची व कोणती स्वाभाविक, हे समजून न घेतल्यामुळे चांगल्या गिअरपेट्या खोलल्या जातात, आणि खरोखर बिघडलेल्या गिअरपेट्या जळेपर्यंत चालविल्या जातात. घाटातील गैरसमज तर केवळ पैशांवर निभावत नाही.

फेरे जास्त म्हणजे झीज जास्त काय?

शेतकऱ्याचा इंजिनाशी परिचय विहिरीवरील ऑइल इंजिनापासूनचा आहे. जुने लिस्टर पद्धतीचे संथ इंजिन मिनिटास ६५० फेरे करी. नंतर आलेली हलकी इंजिने १,५०० फेऱ्यांची होती. ट्रॅक्टर पूर्ण रेसवर दोन हजारांच्या आसपास फिरतो. या सवयीच्या कानाला मोटारीचे ३,७०० फेरे हे आक्रितच वाटणार. तथापि इंजिनाच्या झिजेचा अंदाज केवळ फेऱ्यांवरून करता येत नाही. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, नळकांड्यात किती वेगाने घासतो हे पाहावे लागते.

दर फेऱ्यात दट्ट्या एकदा खाली व एकदा वर जातो. लिस्टर इंजिनात त्याची धाव साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर असे. ६५० फेऱ्यांस दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सुमारे ३ मीटर येतो. ११० मिलिमीटर धाव असलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात २,००० फेऱ्यांस तो ७.३ मीटर होतो. लहान पेट्रोल मोटारीत धाव फार तर ७५ मिलिमीटर धरली, तर ३,७०० फेऱ्यांस दट्ट्या सेकंदास सव्वानऊ मीटर वेगाने चालतो. म्हणजे फेरे ट्रॅक्टरच्या जवळजवळ दुप्पट असले, तरी दट्ट्याचा वेग सव्वापटच वाढला. शिवाय या मोटारीचे दट्टे हलके असतात व ही इंजिने पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत चालावीत अशाच हिशेबाने घडविलेली असतात. तेव्हा इंजिनात तेल पुरेसे आहे, पाणी थंड राहते आहे व काटा लाल पट्ट्याच्या पुष्कळ अलीकडे आहे, एवढे असेल तर ३,५०० ते ४,००० फेऱ्यांनी तासभर चालण्याने सुदृढ इंजिनाचे नुकसान होत नाही. पेट्रोल जास्त लागते आणि कानास त्रास होतो, हे खरे.

उलट, चढावर भरलेली गाडी अगदी कमी फेऱ्यांवर रेटणे हे इंजिनास अधिक जाचक असते. बैल दमला असता त्याला लांब पावले टाकावयास लावण्यासारखाच तो प्रकार होय.

हिशेब घरी करता येतो

आपल्या मोटारीचे फेरे योग्य आहेत की नाहीत, हे ठरविण्यास कोणत्याही मिस्त्रीची गरज नाही. सपाट जागी टायरवर व जमिनीवर खडूने खूण करावी, चाक एक पुरा फेरा होईतो गाडी पुढे ढकलावी आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. १३ इंची चाकांच्या जुन्या मोटारीत हे अंतर सुमारे १.८ मीटर भरते.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटास १,६६७ मीटर. त्यास १.८ ने भागले असता चाकाचे ९२६ फेरे येतात. चाकाच्या एका फेऱ्यास गिअरपेटीच्या शेवटी असलेला दांडा किती वेळा फिरतो, ते प्रमाण मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. उदाहरणासाठी ते ४ धरू. सर्वांत वरचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक असेल, तर इंजिनाचे फेरे ९२६ गुणिले ४, म्हणजे सुमारे ३,७०० होतात. वरचा गिअर ०.७ प्रमाणाचा असेल, तर तेच २,६०० वर येतात. ताशी ८० वेगास हेच आकडे अनुक्रमे २,९६० व २,०७० होत.

या एका गुणाकारात बहुतेक तक्रारींचे उत्तर आहे. तीनच गिअर असलेल्या जुन्या स्वयंचलित मोटारीत तिसरा गिअर बहुधा एकास एकच असतो. तिने १०० वेगास ३,७०० ते ३,९०० फेरे दाखविले तर ती निरोगी आहे. तिच्याकडून २,६०० ची अपेक्षा करणे व्यर्थ होय. मात्र चार गिअरच्या मोटारीने त्याच वेगास ३,७०० दाखविले, तर तिचा चौथा गिअर पडतच नाही, असे निश्चित समजावे.

तीन गिअर का?

स्वयंचलित गिअरपेटी ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील हर्मान फॉटिंगर या अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी तेलातून शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्ड्समोबील मोटारींसाठी हायड्रामॅटिक ही गिअरपेटी विक्रीस आणली. १९५० मध्ये शेव्हरोलेट मोटारींत आलेल्या पॉवरग्लाइड पेटीत तर पुढे जाण्याचे दोनच गिअर होते. त्या मोटारींची इंजिने प्रचंड असल्यामुळे दोन गिअरांवरही त्यांचे भागे. भारतात मात्र अँबॅसडर व फियाट यांच्या काळात स्वयंचलित गिअर सामान्य माणसाच्या दृष्टीसही पडत नसत. १९९० नंतरच्या दशकात मारुती कंपनीने झेन मोटार तीन गिअरांच्या स्वयंचलित पेटीसह विक्रीस काढली. १९९८ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या स्वयंचलित प्रकारात चार गिअर होते. लहान इंजिन व तीन गिअर हा संयोग शहरापुरता ठीक होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, आणि ज्या वेगासाठी या मोटारी मुख्यतः बनविल्या नव्हत्या त्या वेगाने तासन्‌तास धावण्याचा प्रसंग त्यांच्यावर येऊ लागला.

२०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे आणखी एक प्रकार रूढ झाला. त्यात गिअरपेटी व क्लच साध्या मोटारीचेच असतात. फक्त ते दाबण्याचे व बदलण्याचे काम यंत्र करते. पुढील विवेचन या प्रकारास सर्वस्वी लागू नाही. त्यांपैकी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: अशी गाडी चढावर ब्रेकऐवजी एक्सलरेटर दाबून धरून ठेवल्यास क्लच जळतो.

तेलाचा क्लच

खऱ्या स्वयंचलित मोटारीत इंजिन व गिअरपेटी यांमध्ये घासून चालणारा क्लच नसून, तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. त्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला असता त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तसेच येथे घडते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाच्या बाजूचे पाते तेल फेकते व गिअरच्या बाजूचे पाते त्या माऱ्याने फिरते. दोहोंच्या मध्ये तिसरे पाते असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याचा जोर पुन्हा कामी लावते. त्यामुळे गाडी जागेवरून उचलताना चाकांस इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ओढ मिळू शकते.

या सोयीची किंमत अशी की, दुसरे पाते पहिल्याहून नेहमी थोडे मागे राहते. ही घसर हमरस्त्यावर थोडीच असते, पण ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. म्हणूनच वरील हिशेबातून आलेल्या ३,७०० ऐवजी काट्यावर ३,८०० किंवा ३,९०० दिसू शकतात; तो बिघाड नव्हे. चार गिअरच्या बहुतेक मोटारींत ही घसर थांबविण्यासाठी डब्यात एक जास्तीचा क्लच असतो. वरच्या गिअरात वेग स्थिर झाल्यावर आणि तेल तापल्यावर तो दोन्ही पाती एकमेकांस जखडतो. त्या वेळी फेरे दोन-तीनशेंनी खाली येतात व जणू पाचवा गिअर पडल्याचा भास होतो. पाय जरा जास्त दाबला किंवा ब्रेकला स्पर्श झाला, की हा क्लच सुटतो व फेरे पुन्हा चढतात. सकाळी थंड गाडी काढल्यावर पहिले काही किलोमीटर तो लागत नाही. पुष्कळ मालक हा क्लच लागण्या-सुटण्यालाच गिअरपेटीचा दोष समजतात.

गिअर बदलण्याचा निर्णय कोण करतो?

ज्याने ऑइल इंजिनाचा गव्हर्नर उघडा पाहिला आहे, त्यास हे समजण्यास अडचण पडू नये. संगणकाचा वापर होण्यापूर्वीच्या गिअरपेट्यांत, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर वजनांचा गव्हर्नर बसविलेला असे. गाडीचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जात व तेलाचा एक दाब वाढे. हा दाब म्हणे, ‘वरचा गिअर टाका’. दुसऱ्या बाजूने एक्सलरेटरला जोडलेली वायर दुसरा एक दाब वाढवी. तो म्हणे, ‘थांबा, इंजिनावर ओझे आहे’. या दोन दाबांच्या मध्ये एक लहानसा व्हॉल्व्ह असे, आणि ज्याचा जोर अधिक त्याच्या बाजूने तो सरके. मागाहून हेच काम विजेचे व्हॉल्व्ह व लहान संगणक करू लागले, तरी हिशेब मूलतः तोच राहिला: एका बाजूस वेग, दुसऱ्या बाजूस पाय.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक्सलरेटरपासून गिअरपेटीकडे जाणारी वायर ढिली पडली, तर पेटीला पायाचा जोर कळत नाही. गिअर फार लवकर बदलतात, आतील तेलाचा दाब अपुरा पडतो आणि क्लचच्या चकत्या घसरून जळतात. वायर फार ताणलेली असेल तर गिअर उशिरा पडतात व गाडी ओरडत राहते. दहा मिनिटांच्या जुळणीने दुरुस्त होणारा हा दोष पेटी खोलण्याचे कारण ठरता कामा नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या यंत्रणेला वेग आणि पाय एवढेच कळते. समोरचा रस्ता तिला दिसत नाही.

चढाव

हिंजवडीहून मुंबईस जाऊन परतताना खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट चढावा लागतो. चालक पाय दाबतो, ओझ्याचा दाब वेगाच्या दाबावर मात करतो आणि पेटी खालचा गिअर टाकते. वरील उदाहरणातील तीन गिअरांची मोटार ताशी ८० वेगात असता, दुसऱ्या गिअरचे प्रमाण १.५ धरल्यास, फेरे २,९६० वरून एकदम ४,४५० वर जातात. झटका व आवाज यांचे कारण हेच. पेटीने येथे योग्य तेच केलेले असते. यास घाबरून पाय उचलला, की ती पुन्हा वरचा गिअर टाकते, गाडी मंदावते, पुन्हा पाय दाबावा लागतो व पुन्हा खालचा गिअर पडतो. ही धरसोड घाटभर चालू राहिली तर प्रत्येक बदलात क्लचच्या चकत्या घासतात आणि तेल तापत जाते.

उपाय सोपा आहे. चार गिअरच्या मोटारीत दांड्यावर ‘ओडी’ लिहिलेले बटन असते. ते चढापूर्वीच बंद करावे, म्हणजे चौथा गिअर पडत नाही. तीन गिअरच्या मोटारीत वेग कमी करून दांडा ‘डी’ वरून ‘२’ वर आणावा. फेरे स्थिर ठेवून एका गिअरात चढणे हे कमी फेऱ्यांच्या धरसोडीपेक्षा केव्हाही बरे. इंजिनाच्या पाण्याचा काटा वर सरकू लागल्यास वातानुकूलन बंद करावे. वर पोचल्यावर गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे उभ्याने चालू ठेवावी; बहुतेक जुन्या मोटारींत गिअरचे तेल रेडिएटरच्या तळातून फिरून थंड होते, आणि इंजिन बंद पडले की ते फिरणेही थांबते.

उतार

धोका खरा आहे तो उतारात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे व खोपोली साधारण ६० मीटर. माणसे, सामान व दोन-तीन पोती इंद्रायणी तांदूळ मिळून १,२०० किलोग्रॅम भरणारी मोटार हे साडेपाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा जी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते ती सुमारे २२ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्याइतकी असते. हा सर्व भार एकट्या ब्रेकवर टाकला तर तो जिरविण्यास पुढच्या चाकांतील दोन लोखंडी तबकड्या व मागचे दोन ड्रम एवढेच साधन उरते. ते तापले की घर्षण कमी होते. ब्रेकचे तेल जुने व पाणी शोषलेले असेल, तर त्यात वाफ होते आणि पेडल सरळ तळाशी जाते. जळक्या वासाची मोटार घाटाच्या कडेला उभी असलेली ज्याने पाहिली आहे, त्यास हे वेगळे सांगावयास नको.

साध्या मोटारीचा चालक येथे खालचा गिअर टाकून इंजिनाचा अटकाव घेतो. स्वयंचलित मोटार नेमके याच्या उलट करते. उतारावर चालक पाय उचलतो, म्हणजे ओझ्याचा दाब शून्य होतो. उताराने वेग वाढतो, म्हणजे गव्हर्नरचा दाब वाढतो. समोर दरी आहे हे पेटीला ठाऊक नसते. ती आपल्या हिशेबाने सर्वांत वरचा गिअर टाकते आणि इंजिनाचा अटकाव सर्वांत कमी होतो. गाडी सैल सुटल्यासारखी वाटते ती यामुळे. नव्या मोटारींपैकी पुष्कळांत उतार ओळखणारी यंत्रणा असते. जुन्यांत सहसा नसते.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वी, वेग ६० च्या खाली आणून, चालकाने स्वतः दांडा ‘२’ वर आणावा. वरील उदाहरणातील गाडी या गिअरात ताशी ५० वेगास सुमारे २,८०० फेरे करते. उतार तीव्र होऊन फेरे ३,५०० झाले तरी चिंता नाही. ‘एल’ हा पहिला गिअर होय. ५० वेगास तो टाकल्यास फेरे पाच हजारांवर जातील, म्हणून तो ताशी ३० च्या आतच वापरावा. ताम्हिणी घाटातील तीव्र वळणांवर त्याचा उपयोग होतो. ज्या गिअरात घाट चढावा लागला असता त्याच गिअरात तो उतरावा, हा ट्रकचालकांचा जुना नियम येथेही लागू पडतो. ब्रेक सतत दाबून न ठेवता मधून मधून ठामपणे दाबावा व सोडावा.

पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर दांडा ‘एन’ वर टाकण्याची सवय फार ठिकाणी आढळते. ही सवय तिहेरी तोट्याची आहे. इंजिनाचा सर्व अटकाव नाहीसा होतो. गिअरपेटीला वंगण पुरविणारा पंप इंजिनावर चालतो. तो मंद चालीवर असता चाकांकडील भाग मात्र पूर्ण वेगाने फिरत राहतात व त्यांना तेल कमी मिळते. आणि पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शनच्या मोटारीत गिअर पडलेला असून पाय उचललेला असेल, तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरते व इंधनाची फवारणी त्या वेळेपुरती बंद होते. ‘एन’ मध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ती करावीच लागते. कार्ब्युरेटरच्या मोटारीत थोडे पेट्रोल गिअरातही जाते, परंतु त्या थेंबांसाठी ब्रेक गमावणे शहाणपणाचे नाही. काहीजण चावी फिरवून इंजिनच बंद करतात. तसे केल्यास ब्रेकला मदत करणारा निर्वात एक-दोन दाबांत संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि गाडी अक्षरशः नशिबावर सोडली जाते.

तेल

गिअरपेटीचे तेल हे इंजिनाच्या तेलाहून निराळे असते. ते वंगण तर आहेच, शिवाय शक्ती वाहून नेणे, क्लच दाबणे व उष्णता बाहेर काढणे ही कामेही तेच करते. चालू गाडीत ते सुमारे ८० ते ९५ अंश तापते. त्यापुढे दर १० अंशांस तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. द्रुतगती मार्गावर वारा मिळत असल्याने तेल तितकेसे तापत नाही. ते तापते घाटात आणि गर्दीत. हिंजवडीच्या रस्त्यांवर कार्यालये सुटण्याच्या वेळी चैत्र-वैशाखाच्या उन्हात तासभर मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडी, पेटीच्या दृष्टीने मोकळ्या रस्त्यावरील गाडीपेक्षा अधिक कष्ट करीत असते. एका ठिकाणी बराच वेळ उभे राहावे लागल्यास दांडा ‘एन’ वर घ्यावा. ‘एन’ चा योग्य उपयोग तो हाच.

तेल पाहण्याची पट्टी असल्यास ते वरचेवर पाहावे. बहुतेक मोटारींत गाडी तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून व दांडा ‘पी’ वर ठेवून मोजावयाचे असते. काही कंपन्यांच्या मोटारींत इंजिन बंद करून लगेच मोजतात. पुस्तिकेत जे असेल तेच करावे. चांगले तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. ते तपकिरी होऊन करपल्याचा वास येऊ लागला म्हणजे चकत्या जळू लागल्याचे समजावे. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचेच तेल घालावे. पातळी वाजवीपेक्षा अधिक झाली तर फिरणारे भाग ते घुसळून त्याचा फेस करतात, आणि फेसाने क्लच दाबले जात नाहीत. अधिक घातले म्हणजे अधिक चांगले, हा हिशेब येथे चालत नाही.

जुनी मोटार घेण्यापूर्वी

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एवढ्या वयाची स्वयंचलित मोटार घेताना केवळ रंग व टायर पाहून सौदा करणे धोक्याचे आहे, कारण पेटी उघडून बांधण्याचा खर्च काही वेळा मोटारीच्या किमतीच्या घरात जातो. सकाळी गाडी थंड असताना पाहावयास जावे. ब्रेक दाबून दांडा ‘एन’ वरून ‘डी’ व ‘आर’ वर टाकावा. गिअर एक-दोन सेकंदांत लागला पाहिजे. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ८० चा वेग स्थिर ठेवून फेरे पाहावेत व ते घरी केलेल्या हिशेबाशी ताडावेत. पाय दाबला असता फेरे चढतात पण वेग वाढत नाही, ही घसरणाऱ्या चकत्यांची खूण होय. असा सौदा सोडून द्यावा. चार गिअरच्या मोटारीत चौथा पडत नसेल, तर प्रथम ‘ओडी’ चे बटन कोणी बंद ठेवले आहे काय ते पाहावे. हा अगदी साधा मुद्दा असूनही वारंवार दुर्लक्षिला जातो. बटन ठीक असून गाडी जागेवरूनच जड उचलते आणि एकाच गिअरात अडकून राहते असे दिसले, तर पेटीच्या संगणकाने दोष आढळल्यामुळे बचावाची स्थिती पत्करलेली असते. कारण एखादी तुटलेली वायर किंवा खराब झालेला वेगमापक एवढेच असू शकते. तपासून घेतल्याखेरीज मात्र पैसे देऊ नयेत.

चिखल व ट्रॅक्टर

पावसाळ्यात मुळशीच्या बांधावरील वाटेत मोटार रुतली, की ‘डी’ व ‘आर’ मध्ये झटपट दांडा हलवून ती झुलविण्याचा मोह होतो. मोठी रेस ठेवून असे केल्यास पाच मिनिटांत चकत्या जळू शकतात. चाकांखाली दगड, पाचट किंवा पोती घालून, कमी रेसवर, दांडा बदलण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबू देऊन प्रयत्न करावा.

बॅटरी उतरली असता साधी मोटार ढकलून सुरू होते; स्वयंचलित मोटार होत नाही, कारण इंजिन थांबलेले असता पेटीत तेलाचा दाबच नसतो. त्याच कारणाने बंद पडलेली मोटार ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढीत नेऊ नये. चाके फिरतात, त्यांबरोबर पेटीचे आतील भाग फिरतात, आणि त्यांना वंगण पुरविणारा पंप बंद असतो. चिखलातून दहा-वीस हात बाहेर काढण्यासाठी ‘एन’ मध्ये हळू ओढणे चालेल. त्यापुढे, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर असलेल्या मोटारीची पुढची चाके उचलून घ्यावीत, अथवा ती सबंध गाडीच ट्रॉलीवर चढवून न्यावी. ट्रॉलीवर चढविल्यानंतर केवळ ‘पी’ च्या खिळ्यावर विसंबू नये. हातब्रेक ओढून चारही चाकांस अटकण लावावी व दोर आवळून बांधावेत.